हैबतीच्या तोडीचे पिस्तूल

एके काळी एक वृद्ध वस्ताद घाटाच्या पायथ्याशी एका गावात राहत असत. तारुण्यात त्यांनी व्यापाऱ्यांचे अनेक तांडे खिंडीतून सुखरूप पार नेले होते. आता गुडघे साथ देत नव्हते, म्हणून ते तरुणांना तांड्याच्या राखणीची विद्या शिकवीत. लाठी, तलवार, ठासणीचे पिस्तूल, सारे शिकवीत; पण बोलत मात्र हत्यारापेक्षा हत्यार बाळगणाऱ्याविषयी. त्यामुळे काही आईबाप त्यांच्यावर नाराज असत. पोराला नेम शिकवा, त्याच्या स्वभावाचे आम्ही बघून घेऊ, असे त्यांचे म्हणणे.

अशा कथांत शिष्याला सहसा नाव नसते. इथे शिष्य दोन आहेत आणि एक दुसऱ्यावर जळतो आहे, तेव्हा कोण कोणावर जळतो हे कळण्यासाठी तरी नावे हवीत. एक हैबती, दुसरा निंबाजी. जळणारा निंबाजी.

दोघे लहानपणापासूनचे सोबती. एका ताटात जेवलेले, एकाच झाडावरून पडलेले. मग हैबतीच्या मामाने बंदरावरून त्याच्यासाठी एक पिस्तूल पाठवले. परदेशी कारागिराने घडवलेले, पितळी मुठीचे, हातात धरले की आपोआप तोलात बसणारे. गावातली माणसे ते पाहायला हैबतीच्या अंगणात येऊ लागली. हैबती स्वभावाने मोकळा. मागेल त्याच्या हातात देई. निंबाजीला तर तो स्वतःहून म्हणाला, "घे, एक बार टाकून बघ." निंबाजी म्हणाला, "मला गुरं सोडायचीत," आणि गेला. त्या दिवशी गुरे त्याचा भाऊ सोडणार होता.

मत्सर ही मोठी कष्टाळू गोष्ट आहे. निंबाजीला आता पुष्कळ कामे लागली. हैबतीला कोण काय म्हणाले ते लक्षात ठेवायचे, त्यातले कमीजास्त करायचे, माळावरून बाराचा आवाज आला की घास तोंडाशी थांबवायचा. हैबती पिस्तूल ज्या मऊ फडक्यात गुंडाळी, त्या फडक्याचासुद्धा त्याला राग येई. फडक्याने त्याचे काय घोडे मारले होते, हे त्यालाही सांगता आले नसते.

अखेर आठवड्याच्या बाजारात त्याला एक फिरता लोहार भेटला. जुन्या मोडक्या बंदुकांच्या नळ्या कापून तो पिस्तुले जुळवी आणि अगदी स्वस्तात विकी. "आवाज तोच, गोळी तीच," लोहार म्हणाला. "जास्तीचे पैसे लोक मुठीला मोजतात." निंबाजीला ऐकायचे होते नेमके तेच. त्याने पिस्तूल घेतले, मुठीवर पितळेचा पत्रा ठोकून घेतला, घरी येऊन तो चिंचेने घासघासून लखलखीत केला. दुसऱ्या दिवशी चावडीपुढे चारचौघांत बार काढला. आवाज दणदणीत झाला. कोणीतरी म्हणाले, "हे तर हैबतीच्या तोडीचं की." त्या रात्री निंबाजी बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवला.

पुढे तो एकटाच माळावर सरावाला गेला तेव्हा त्याला कळायचे ते कळले. पहिला बार हमखास उडे. पुन्हा ठासून चाप ओढला, की वरची रंजक, म्हणजे पेटवणीची चिमूटभर दारू, भुर्रकन पेटे, पण ती आग नळीतल्या दारूपर्यंत पोहोचतच नसे. ती आग नळीत नेणारे बाजूचे छिद्र अरुंद होते. एका बाराच्या काजळीने ते तुंबे. सुईने कोरून साफ केले, की पुन्हा उडे. खिंडीत कोणता दरोडेखोर सुई शोधेपर्यंत थांबणार होता? वस्ताद तर नेहमी सांगत, "पहिल्या बाराने माणूस दबकतो. पळतो तो दुसऱ्याने."

हे निंबाजीने कोणाला सांगितले नाही. सांगणार तरी कसे? पिस्तुलात खोट आहे म्हटले, की हैबतीचे चांगले ठरणार. तेवढे मात्र त्याला सोसवणारे नव्हते. तो चारचौघांत एकच बार काढी आणि पिस्तूल ऐटीत कमरेला खोची.

अशात गूळ आणि हळदीचा एक व्यापारी आपला तांडा घेऊन गावात उतरला. त्याला खिंडीपलीकडे जायचे होते आणि तांड्यातल्या सगळ्या गड्यांना पिस्तुले घेऊन द्यायची होती. त्याने वस्तादांना विचारले, "बाजारात एक लोहार स्वस्तात देतोय म्हणे. घ्यावीत का? भरवशाची असतात का ती?"

वस्ताद म्हणाले, "ज्याच्या कमरेला आहे त्यालाच विचारा, शेठजी."

निंबाजीला बोलावणे गेले. हैबती शेजारीच उभा होता, कमरेला ती पितळी मूठ. निंबाजीने व्यापाऱ्याकडे पाहण्याआधी तिच्याकडे पाहिले.

"बिनधास्त घ्या, शेठ," तो म्हणाला. "हैबतीच्या पिस्तुलात आणि यात काडीचा फरक नाही."

"पुष्कळ बार काढून बघितलेस?" वस्तादांनी विचारले.

"पुष्कळ."

 व्यापारी खूश झाला. परतीच्या वाटेवर लोहाराला गाठायचे त्याने ठरवून टाकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बैलांवर गोणी चढल्या. तांड्याच्या पुढे हैबती चालायचा आणि मागे निंबाजी, असे ठरले होते. निघायच्या वेळी वस्तादांनी दोघांची पिस्तुले मागून घेतली आणि सर्वांदेखत निंबाजीचे हैबतीला दिले, हैबतीचे निंबाजीला. "आज असेच जा," एवढेच म्हणाले.

व्यापारी बुचकळ्यात पडला. हैबती हसला. "काडीचाही फरक नाही म्हटल्यावर काय बिघडलं?" म्हणत त्याने ते कमरेला लावले आणि पुढे निघाला. वस्तादही काठी टेकत तांड्याबरोबर खिंडीच्या तोंडापर्यंत चालू लागले.

निंबाजीला आधी नुसता आनंद झाला. इतके दिवस डोळ्यांत सलणारी वस्तू त्याच्या मुठीत होती. तिचा तोल, तिचा थंडगारपणा, चापाची हलकी चाल. खरेच, ही वस्तू वेगळीच होती. मग वाट वळली आणि पुढे चालणाऱ्या हैबतीच्या कमरेला त्याला स्वतःच चिंचेने घासलेला तो पत्रा चमकताना दिसला.

वाईट माणसाच्याच मनात वाईट विचार येतात असे नाही. निंबाजीच्या मनात आले, होऊ दे. एकदा त्याचा बार फुकट जाऊ दे, मोठा हैबती म्हणून मिरवतो ना. या विचाराला थोडी गोडीही होती. पण विचार एकदा चालू लागला, की आपण म्हणू तिथे थांबत नाही. पहिल्या बाराने दबकलेला माणूस झाडीतून उठला, हैबती दुसऱ्यांदा चाप ओढतो आहे, रंजक नुसती भुरकते आहे, आणि हैबतीच्या चेहऱ्यावर राग नाही, नुसते आश्चर्य आहे, कारण निंबा म्हणाला होता की काडीचा फरक नाही. 

समोर खिंड दिसू लागली. हैबती मागे वळून ओरडला, "निंबा, पलीकडं गेलो की पहिल्या झऱ्यावर भाकरी सोडू." निंबाजीला त्या मोकळेपणाचाही हेवा वाटला. आपल्याला असे वागता येत नाही आणि याला येते, याचेच त्याला अधिक लागले. तसाच जळत तो बैलांच्या कडेने धावत पुढे गेला आणि त्याने हैबतीचा दंड धरला.

"ते घेऊन आत जाऊ नको."

"का?"

"दुसरा बार उडत नाही त्याचा. पहिला उडतो. दुसऱ्याचा भरवसा नाही."

"तू तर म्हणालास..."

"खोटं बोललो."

तांडा थांबला. व्यापारी पुढे आला आणि सगळे ऐकून त्याचा चेहरा लाल झाला. "अरे, तुझ्या एका शब्दावर मी माझ्या सगळ्या गड्यांच्या हातात असली पिस्तुलं देणार होतो," तो म्हणाला. निंबाजी खाली मान घालून उभा राहिला.  हैबतीने कमरेचे पिस्तूल काढले, उलटसुलट करून पाहिले आणि निंबाजीकडे असे पाहिले, की निंबाजीला चार शिव्या परवडल्या असत्या.

मागून वस्ताद येऊन पोहोचले. त्यांनी धापा टाकत एका दगडावर बैठक मारली.

"वस्ताद," हैबती म्हणाला, "तुम्हाला ठाऊक होतं?"

"माळावरून रोज एक बार ऐकू यायचा. मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा एक. चारचौघांत तर हा दुसरा बार काढतच नव्हता. पिस्तूल जन्मभर हाताळलेल्याला यापेक्षा जास्त सांगावं लागत नाही. हा गप्पच राहिला असता, तर या खिंडीच्या तोंडाशी मीच तुला अडवलं असतं. म्हणून तर हे गुडघे इथवर ओढत आणले."

मग ते निंबाजीकडे वळले. "पोरा, स्वस्त हत्यार घेतलंस यात काही चूक नाही. मी उमेदीत ज्याच्या आधारानं हिंडलो, ते याहून स्वस्त होतं. त्यातही खोट होती. पण ती मला ठाऊक होती आणि माझ्या सोबत्यांनाही ठाऊक होती, म्हणून आम्ही त्या बेतानं चालायचो. याचं छिद्र कुशल माणसाकडून जरा मोठं करून घेतलं असतंस, तर कदाचित हे कामाचं ठरलं असतं. पण त्यासाठी आधी खोट आहे असं म्हणावं लागलं असतं. तू पिस्तूल घेतलंच नव्हतंस. तू हैबतीची बरोबरी विकत घेतलीस, आणि बरोबरीसाठी घेतलेल्या वस्तूची पारख माणूस करत नाही, कारण खोट सापडली की बरोबरी गेली. काल तुला विचारलं तेव्हा तुझे डोळे त्याच्या कमरेवर होते. म्हणून आज ती मूठ मी तुझ्याच हातात दिली. म्हटलं, आता तरी याला स्वतःचं हत्यार नीट दिसेल."

 बैल माना हलवीत उभे होते. निंबाजीने हैबतीचे पिस्तूल त्याला परत दिले. देताना त्याची बोटे मुठीवर क्षणभर रेंगाळली, आणि ते हैबतीने पाहिले.

व्यापारी तसा व्यवहारी माणूस. त्याचा राग ओसरला, पण प्रश्न उरला होताच. तो निंबाजीला म्हणाला, "बरं, झालं ते झालं. आता खरं सांग. छिद्र मोठं करून घेतलं, तर ती स्वस्तातली पिस्तुलं घेण्यासारखी आहेत का?"

 निंबाजी म्हणाला, "शेठ, हे मला विचारू नका. हैबतीचं पिस्तूल मला अजूनही हवंसं वाटतंय. आता मी चांगलं म्हणालो काय आणि वाईट म्हणालो काय, त्यात ते हवंसं वाटणंच बोलेल. छिद्र मोठं करून घ्या, हैबतीच्या हातात द्या, आणि तुमच्या डोळ्यांसमोर त्याला लागोपाठ बार काढायला सांगा. मी बाजूला उभा राहतो."

वस्ताद काठीवर भार देऊन उठले.

"शेठजी," ते म्हणाले, "इथून पुढं याला विचारायला हरकत नाही."