धामणबाईंची पसंती

प्राण्यांना मोबाइलचा नाद नुकताच लागला होता, त्या काळची गोष्ट. एका सशाला गाणी ऐकायला आणि गेम खेळायला हेडफोन हवे होते. माकडाच्या दुकानात त्याने मऊ गादीचे, स्वस्तातले हेडफोन घालून पाहिले. कान सुखावले. तो ते घेणारच होता.

"अरे, ते कशाला?" माकड म्हणालं. "हे महागातले बघ. आपल्या धामणबाई दिवसभर हेच घालतात."

कोपऱ्यात वेटोळं घालून बसलेल्या धामणबाई डोक्यावरचे हेडफोन मिरवत म्हणाल्या, "वर्ष झालं, कान एकदाही दुखले नाहीत."

इतकी खात्री दुसरं कोण देणार? सशाने महागातले घेतले.

संध्याकाळपर्यंत त्याचे कान मुळापासून ठणकू लागले. तो तणतणत दुकानात आला, तेव्हा कुठे त्याने धामणबाईंच्या डोक्याकडे नीट पाहिलं.

"अहो, तुम्हाला कानच नाहीत," तो जीव तोडून ओरडला.

धामणबाई डुलतच राहिल्या. मग माकडाकडे वळून कौतुकाने म्हणाल्या, "आणि बाहेरचा आवाज तर जराही येत नाही."

सशाच्या मागे उभं असलेलं हरीण लगेच म्हणालं, "मग मलाही तेच द्या."