तांबटाचे कान

निरामय महाराज सांगवेळ गावी राममंदिरात उतरले होते, तेव्हाची ही गोष्ट. सप्ताह चालू होता. महाराजांच्या गळ्याची गोडी अशी, की माणसं हातातली कामं टाकून कीर्तनाला येत.

सर्वांच्या आधी येऊन पुढे बसे तो कुशाबा तांबट. तांब्याचे हंडे ठोकता ठोकता बारा वर्षांपूर्वी त्याचे दोन्ही कान गेले होते. कोणी कीव करू लागलं, की चेहऱ्यावरून ओळखून तो म्हणे, "हातोडी मीच उचलली ना? तिनं कान नेले, पण घर चालवलं. आता रडत बसलो तर हंडे कोण ठोकंल?" मात्र महाराजांचा आवाज एकदा तरी ऐकावा, याची त्याला फार ओढ होती. रोज तो त्यांच्या ओठांकडे डोळे लावून बसे आणि तसाच घरी जाई.

काल्याच्या दिवशी धुंडिराजशास्त्री उशिरा आले. शास्त्रीबुवा विद्वान खरे, पण कान स्तुतीलाच सोकावलेले. पुढे जागा नाही हे पाहून ते मोठ्याने म्हणाले, "या बहिऱ्यापुढे कीर्तन केलं काय आणि भिंतीपुढे केलं काय! उठवा त्याला." लोक हसले. कुशाबाला शब्द कळले नाहीत, पण रोखलेलं बोट कळलं. रामाला नमस्कार करून तो पलीकडच्या गल्लीतल्या आपल्या दुकानात गेला आणि अर्धा राहिलेला हंडा ठोकू लागला. मन मात्र मंदिरातच राहिलं होतं.

थोड्याच वेळात महाराज उभे राहिले आणि त्यांनी पहिलं चरण उचललं, "माझ्या उंबऱ्याशी ये रे देवा, हाक मारण्या धीर नाही."

आणि काय नवल! शास्त्रीबुवांना महाराजांचे ओठ हललेले दिसले, आवाज काही येईना. टाळ नाही, मृदंग नाही. "देवा, मीच का? मी कुणाचं काय वाईट केलं?" म्हणत त्यांनी कपाळ बडवून घेतलं. लोकांनी त्यांना कसंबसं धरून बसवलं.

त्याच क्षणी दुकानात कुशाबाचा हात थबकला. हातोडीचा ठोका त्याला ऐकू आला होता. पाठोपाठ ते चरण ऐकू आलं. तो अनवाणी धावत आला आणि मंदिराच्या दाराशी उभ्यानेच त्याने सगळं कीर्तन ऐकलं.

कीर्तन संपल्यावर महाराजांनी त्याला जवळ बोलावलं. म्हणाले, "कुशाबा, हे कान शास्त्रीबुवांचे आहेत. तू म्हणशील तर देवाजवळ शब्द टाकतो. म्हणेन, ते तुझ्यापाशीच राहू देत."

कुशाबाने बुवांकडे पाहिलं. "जल्मभर हेच ऐकत बसावं वाटतंय, महाराज. खोटं कशाला बोलू? पर मला बहिरेपण पेलतंय, त्यांना न्हाई पेलायचं. त्यांचं त्यांना द्या. फकस्त ते चरण आणखी एकदा म्हणा."

महाराजांचे डोळे भरून आले. त्यांनी चरण म्हटलं. शेवटचा स्वर विरला आणि कुशाबाचे कान पुन्हा मिटले.

शास्त्रीबुवांच्या कानी पहिला आवाज पडला तो कुशाबाच्या हुंदक्याचा. घडलं ते लोकांनी त्यांना सांगितलं. "कुशाबा, मला क्षमा कर," बुवा म्हणाले. कुशाबा नुसता पाहत राहिला. बुवांनी पुन्हा म्हटलं, ओरडून म्हटलं. त्याला काहीच ऐकू गेलं नाही. तेव्हा एवढ्या लोकांदेखत शास्त्रीबुवा खाली वाकले आणि त्यांनी आपलं मस्तक त्या तांबटाच्या पायांवर ठेवलं.