जाखीच्या कातळावरचा ओघळ

हा समोर काळा कातळ दिसतोय ना, त्याच्या कडेनं वरून खालपर्यंत पांढरा ओघळ गेलाय. चुना आहे म्हणाल, तर म्हणा. मागं एक कॉलेजचे मास्तर आले होते, त्यांनी खरवडून जिभेला लावून पाहिलं नि चुनाच म्हणाले. मी म्हटलं, असेल. आसपासच्या चार गावांत चुन्याचा खडा नाही, मग हा एवढाच कुठून आला? बसा सावलीला. मी गोदू तांडेल. माझी आई या खोलवणे गावची सुईण होती, तिची आईपण. त्यांच्याकडून ऐकलं तसं सांगते. मधे बोलू नका, मला राग येतो, आणि ही गोष्ट सांगताना तो आधीच आलेला असतो.

दोन हजार वर्षं झाली म्हणतात, कमीजास्त तुम्ही करून घ्या. तेव्हा इथं मोठं बंदर होतं आणि यवनांची जहाजं लागायची. यवन म्हणजे ग्रीक भाषा बोलणारे लोक. समुद्रापलीकडं मिसर देशात त्यांचं मोठं शहर होतं, तिथून पावसाळी वारा धरून यायचे, मिरी नि सुती कापड भरून थंडीत परत जायचे. त्यातला निकांद्र नावाचा व्यापारी मात्र इथंच घर बांधून राहिला, या कातळाच्या वरच्या अंगाला. त्याची बायको फिलिना. तिला पहिला मुलगा इथंच झाला.

आता त्या लोकांची रीत ऐका. बाळंतिणीचं पहिलं दूध, आपण चीक म्हणतो ते, त्यांच्यात विषासारखं मानायचे. वीस दिवस आईनं मुलाला छातीशी घ्यायचं नाही. त्याला मधाचं पाणी चाटवायचं आणि पाजायला दुसरी बाई आणायची. मोठ्या घरची बाई वीस दिवसांनंतरही पाजत नसे, छाती कापडानं आवळून दूध आटवून टाकायची. हे त्यांच्या वैद्यांनी ठरवलेलं, आणि वैद्य सगळे पुरुष. हसताय कशाला? आपल्या सासवा काय वेगळं करत होत्या? गाईचा चीक मिळाला की वेलदोडा घालून खरवस करायचा, वाटी चाटूनपुसून खायची, आणि सुनेचा चीक पिळून मोरीत. माझ्या आईनं यावरून अर्ध्या गावाशी भांडण काढलं होतं.

तर निकांद्राला मुलासाठी बाई हवी होती. खाडीपलीकडच्या आपल्याच गावच्या कोळीवाड्यात जाखी होती. तिचा नवरा निकांद्राच्याच जहाजावर गेला होता, तो परत आला नाही. पदरात दीड महिन्याची पोर, घरात म्हातारी सासू. निरोप आला तेव्हा जाखी म्हणाली, येते, पण पोर बरोबर आणते, दोघांना पुरेल एवढं आहे मला. निकांद्राच्या वैद्यानं सांगितलं, तसं चालत नाही. त्यांच्यात पाजणाऱ्या बाईशी करारच असायचा म्हणे, की दुसरं पोर छातीला लावायचं नाही, स्वतःचंसुद्धा. दूध वाटलं गेलं की पातळ होतं, असं त्यांचं शास्त्र.

जाखीनं नाही म्हटलं. तेव्हा गावच्या मुखियानं सगळ्यांना जमवलं आणि तिला विचारलं, यवनाचं जहाज फिरलं तर गावाची चूल विझेल, एका पोरीपायी सगळ्यांना उपाशी मारणार आहेस का? शंभरेक माणसं होती तिथं. एकजण उठून म्हणाला नाही की बाबांनो, जाखीची पोरही गावातलीच आहे. ज्याचं जळतं त्याला कळतं. यवनांना शिव्या देऊन मोकळं होणं सोपं आहे हो, पण तिला होडीत बसवली ती आपल्याच मेल्यांनी. पोर सासूपाशी राहिली.

रोज सकाळी वैद्य यायचा. जाखीच्या दुधाचा एक थेंब अंगठ्याच्या नखावर घ्यायचा आणि नख तिरकं करून बघायचा. झरकन ओघळला तर दूध पातळ, जागचा हललाच नाही तर जड, सावकाश सरकला तर चांगलं. जाखीचा थेंब सावकाश सरकायचा आणि वैद्य मान डोलवायचा. खाडीपलीकडं तिची पोर पेजेच्या पाण्यावर होती. वारा इकडं वाहत असला की तिचं रडणं इथवर ऐकू यायचं. ते ऐकलं की जाखीला पान्हा फुटायचा, चोळी भिजायची, आणि ते दूध यवनाचा मुलगा प्यायचा. त्या मुलाचा दोष नाही. त्याला भूक होती.

पाचव्या दिवशी तिनं करवंटीत दूध पिळून मासेवालीच्या हाती पलीकडं पाठवलं. दुसऱ्या सकाळी नखावरचा थेंब झरकन ओघळला. घास उतरत नाही, झोप नाही, मग ओघळेल नाहीतर काय? पण वैद्य म्हणाला, ही चोरून दुसऱ्याला पाजते आहे. स्वतःच्या लेकीला पाजलं तर त्याला चोरी म्हणाले ते. त्या दिवसापासून जाखीच्या हातांवर नजर ठेवायला एक दासी बसवली आणि करवंटी बंद झाली.

फिलिना हे बघत होती. तिची छाती आवळलेली, अंगात ताप. ती नवऱ्याला म्हणाली, मुलाला मी पाजते, त्या बाईला जाऊ दे. निकांद्र म्हणाला, माझ्या घरातली बाई दाईचं काम करणार नाही. 

अठराव्या दिवशी जाखीची पोर गेली. सासूनं तिला फडक्यात गुंडाळली, ओहोटीच्या चिखलातून चालत आली आणि या कातळावर आणून ठेवली. जाखी घरातून बाहेर आली. तिला अडवायची कुणाची छाती झाली नाही. पोरीला मांडीवर घेऊन ती बसली ती उठेना. रडली नाही, असं सांगतात. मला ते पटत नाही, रडली असणार, जवळ जाऊन बघायला कोण गेलं होतं?

वैद्य थेंब घ्यायला कातळावर आला. थेंब आला नाही. मग मुखियानं गावातल्या तिघी लेकुरवाळ्यांना यवनाच्या घरी धाडलं. आपल्या घरी त्यांना भरपूर दूध होतं, पण यवनाचा उंबरा ओलांडला की तिघी कोरड्या, असं सांगतात. शेळीचं दूध मुलानं ओकून टाकलं. दुपारपर्यंत त्याचा रडून आवाज बसला.

तेव्हा फिलिनानं छातीचं कापड फाडलं, मुलाला उचललं आणि सगळ्यांदेखत कातळावर आली. ती म्हणाली, "बाई, मला पाजायला येत नाही. कुणी शिकवलं नाही. दाखव मला."

जाखीनं मांडीवरची पोर तिच्यापुढं धरली. "आधी हिला."

"अगं, ती गेली ग."

"मला माहीत आहे. आधी हिला."

वरून निकांद्र ओरडत होता की मेलेल्याला शिवू नकोस, मुलाला बाधेल. फिलिनानं वर बघितलंही नाही. तिनं ते थंड पोर छातीला लावलं. अठरा दिवस आवळून आटलेलं तिचं दूध तेव्हा आलं, आणि पिणारं कुणी नव्हतं म्हणून पोरीच्या ओठांवरून कातळावर वाहिलं. तो हा ओघळ. काही गावांत सांगतात की पोर डोळे उघडून हसली. खोटं आहे. मेलेली पोर मेलेलीच राहिली. गोड शेवट हवा असेल तर शेजारच्या गावात जा, तिथं देऊळही बांधलंय.

मग जाखीनं फिलिनाला मुलगा कसा धरायचा ते दाखवलं. मान अशी, हात असा. मी आईला म्हणायचे, मी मेले तरी दाखवलं नसतं. आई म्हणायची, तू जाखी नाहीस. मुलगा जगला. जाखी सासूला घेऊन पलीकडं गेली, ती पुन्हा कुणाच्या दारात कामाला उभी राहिली नाही.

दुसऱ्या दिवशी गावात एकही चूल पेटली नाही. सगळ्या बाया मुखियाच्या अंगणात येऊन बसल्या. जहाज फिरलं तर चूल विझेल म्हणाला होतास ना, घे, आम्हीच विझवली. तीन दिवस बसल्या म्हणे. शेवटी त्यानं सगळ्या गावादेखत नियम घातला, की दुसऱ्याचं मूल सांभाळणाऱ्या बाईचं स्वतःचं मूल आधी प्यायला हवं, आणि बायांनी पहिल्यांदा तो त्यालाच पाळायला लावला.

आजही खोलवण्यात दुसऱ्याचं मूल कडेवर घेतलेली बाई आली, की तिला पाणी द्यायच्या आधी विचारतात, तुझं प्यालं का? विचारल्याशिवाय गावात कुणी तिच्या हातचं काम घेत नाही. आणि तिचं उत्तर येईपर्यंत ज्याचं मूल त्यानं घ्यायचं.

ही कोण पायवाटेनं वर येतेय, तुमचं बाळ घेऊन? तुमच्याच गाडीतून उतरली ना? ये ग बाई, बस. तुझं प्यालं का? ... त्यांच्याकडं बघू नकोस, मी तुला विचारते आहे. तुझं किती महिन्यांचं आहे? चार. आणि कुणाकडं ठेवलंयस? गावी, आईकडं. बाटलीवर.

ताई, उठा. तुमचं बाळ तुम्ही घ्या. साहेब, त्या फणसाखाली फोन लागतो, हिला तिथं घेऊन जा आणि हिच्या घरी लावून द्या. आणि गाडी परत कधी वळवायची, ते ती ठरवेल.