हिवरटेकची बोलती वाट

हिवरटेक गावाच्या वर उघडा माळ आहे. तिथून गावात उतरणाऱ्या पायवाटेला सगळे बोलती वाट म्हणतात. दिवसभर माळावर चरलेली ठिपक्यांची घोडी दिवेलागणीला याच वाटेने खाली येतात. काळ्या अंगावर पांढरे ठिपके, ओठ चितकबरे, खुरांवर उभ्या पांढऱ्या रेघा आणि शेपटीचे केस अगदी विरळ. पाहुणा आधी त्या रंगालाच भुलतो. मग हळूहळू त्याच्या ध्यानात येतं की एकाही घोड्यावर कुणी बसलेलं नाही. प्रत्येकापुढे त्याचं माणूस पायी चाललेलं असतं, आणि मागे न बघता हलक्या आवाजात सारखं काहीतरी बोलत असतं.

"दिस कलला की यांना दिसत न्हाई," कोंडिबा लाळगे सांगतात. त्यांची ऐंशी उलटली आहे. माळावर येणाऱ्या पाहुण्यांना ते ही हकिकत सांगतात, तीही उतारावर बसून, ऊन मऊ झाल्यावर. "डोळ्याचं काम मग कान करत्यात. म्हणून बोलायचं."

फार मागे, म्हणे, या माळावर गाव नव्हतं. चैत्र सरता सरता कोकणातून परतणारे मेंढके आपली बिऱ्हाडं घोड्यांवर लादून इथून पुढे जात. त्यांच्यात ठकू नावाची एक बाई होती. तिचा नवरा सतबा, ती पोटुशी असताना तीन दिवसांच्या तापाने गेला. तेव्हापासून ठकू बोलायची थांबली. मुकी झाली नव्हती. विचारलं तर हो म्हणे, नाही म्हणे, आणि कामाला लागे. मुलगी झाली तेव्हाही तिच्या तोंडून शब्द निघाला नाही. सुइणीने पोर मांडीवर ठेवली, तिने पदर सारला, एवढंच.

तिच्याकडे एक काळी घोडी होती. अंगावर एक पांढरा केस नाही, आणि स्वभावाने इतकी भित्री की पान हललं तरी उधळायची. दोनदा तिने बिऱ्हाड ओढ्यात पाडलं होतं. ठकूचा सासरा सिदू हा कळपाचा म्होरक्या होता. या खेपेला घोडीला बाजार दाखवायचा, असं त्याने ठरवून टाकलं होतं. ठकूने मान खाली घालून ऐकून घेतलं.

हा माळ ओलांडायच्या दिवशी सकाळी पोरीला वाहणारं म्हातारं तट्टू लंगडायला लागलं. ठकूने झोळी काळ्या घोडीवर बांधायला घेतली. सिदू नको म्हणाला. ठकूने कितीतरी महिन्यांनी पुरं वाक्य उच्चारलं.

"मामंजी, माझ्यापाशी ती उभी ऱ्हाती."

सिदू बाजूला झाला. घोडीच्या पोटाला खोगिराचा पट्टा घासून जखम झाली होती, म्हणून ठकूने तो एक भोक सैल ठेवला.

दुपार कलताना माळाच्या मधोमध आभाळ पिवळं झालं, आणि वारा पडला. असं सांगतात की त्या वेळी एकही मेंढी ओरडली नाही. मग गारा आल्या. सुपारीएवढ्या, मग लिंबाएवढ्या. कळप फुटला. माणसं घोंगड्या डोक्यावर धरून मेंढ्यांमागे पळाली. ठकूच्या हातातून दोर सुटला, आणि काळी घोडी पोरीसकट त्या पांढऱ्या पडद्याआड गेली.

ठकू धावली. गारा थांबल्या तरी ती धावत होती. माळावर गुडघाभर धुकं उठलं होतं आणि पायाखाली सगळीकडे चमकतं, गार, कुठे संपेल ते न कळणारं पांढरं पसरलं होतं. आपण चालतोय की जागीच पाय उचलतोय, हेही तिला कळेना. हाक मारावी म्हणून तिने तोंड उघडलं, पण आवाज आला नाही. एवढ्या दिवसांत तो कुठे ठेवला तेच तिला आठवेना. तिच्या डोळ्यांपुढे एकच गोष्ट होती, सकाळी सैल ठेवलेला तो पट्टा.

एका खोलगटात तिला घोडी दिसली.

सैल पट्ट्याने दगा दिला होता. खोगीर फिरून झोळी पोटाखाली लोंबत होती. ओझं असं पोटाखाली आलं की शहाणं जनावरही लाथा झाडतं, उधळतं, पायाखाली येईल ते तुडवतं. आणि ही तर पानाला भिणारी. पण ती चारी पाय रोवून उभी होती. भोवती गारांचा ढीग तिच्या गुडघ्यांपर्यंत आला होता. पोटाखालची हातभर जमीन मात्र काळी आणि कोरडी होती. त्या जमिनीवर टेकलेल्या झोळीत पोर झोपली होती. घोडीच्या पाठीवर, मानेवर, जिथे जिथे गार बसली होती, तिथे पांढरा ठिपका उमटला होता. ठकूने हाताने पुसून पाहिला. ठिपका गेला नाही.

तिने पोरीला सोडवून छातीशी घेतलं. मग दोर धरून ओढला, तर घोडी हलेना. तिचे डोळे उघडे होते, पण समोरची ठकू तिला दिसत नव्हती. असं म्हणतात की पोरीवरची नजर ढळू नये म्हणून तिने गारांतही डोळे मिटले नाहीत, आणि संधिप्रकाशाची नजर तिथेच खर्ची पडली. सूर्य टेकला होता. ठकूने पुन्हा ओढलं. घोडी थरथरली, पण पाऊल उचलेना.

तेव्हा ठकूच्या गळ्यातून शब्द आला.

"पट्टा मीच सैल ठेवला गं."

घोडीने कान वळवला आणि एक पाऊल टाकलं. ठकू गप्प झाली, तशी तीही थांबली. मग ठकू पुढे चालू लागली आणि बोलू लागली. आधी पट्ट्याचं, मग पोरीचं, मग सतबाचं. तापाच्या तिसऱ्या दिवशी त्याने पाणी मागितलं होतं, आणि ती मेंढ्या वळवायला गेली होती. हे तिने कुणालाही सांगितलं नव्हतं. बोलता बोलता ती रडली, रडता रडता चालली, आणि मागे घोडीची पावलं ओल्या गवतावर वाजत राहिली.

खाली उतारावर सिदू चूड पेटवून बसला होता. त्याला आधी सुनेचा आवाज ऐकू आला. तो आवाज तो विसरूनच गेला होता. तो उठला, पण पुढे गेला नाही. तिचं बोलणं संपेपर्यंत तो पाठ फिरवून उभा राहिला. मग एवढंच म्हणाला, "हितंच राहू आता." त्या जागी हिवरटेक वसलं. पोरीचं नाव गारूबाई ठेवलं. पुढच्या वर्षी घोडीला शिंगरू झालं, तेही ठिपक्यांचं. ते शिंगरू कशालाच बुजत नसे.

ठकूने पुढे आणखी काय काय सांगितलं, असं पाहुणे विचारतात. कोंडिबा म्हणतात, ते घोडीलाच ठाऊक.

आजही हिवरटेकात दिवस कलल्यावर ठिपक्यांच्या घोड्यावर कुणी बसत नाही आणि त्याच्यावर कुणी चाबूक उगारत नाही. माणूस पुढे चालतो आणि मनातलं बोलतो. उगाच काहीबाही बडबडलं तर जनावर थांबतं, म्हणे. नवरा-बायको, बाप-लेक, सगळे या वाटेवर एकमेकांपासून हाकेच्या अंतराने उतरतात, कारण पुढच्याचं बोलणं ऐकणं इथे चोरीइतकं वाईट समजतात.

हकिकत संपते तेव्हा ऊन माळावरून सरलेलं असतं. कोंडिबा गुडघ्यावर हात ठेवून उठतात आणि आपल्या घोडीचा दोर हातात घेतात.

"तुमी व्हा फुडं," ते पाहुण्यांना सांगतात. "मला जरा येळ लागंल."