यल्लूमावशींची चाल

“कोणता पाय?”

हळदणकर सरांनी विचारलं तेव्हा ओजस बिरनाळे दारातच उभा होता. हातात फाईल. सरांनी बस म्हटलं नव्हतं, आणि बसायची त्याची इच्छाही नव्हती.

“कसला पाय, सर? मी मार्कांबद्दल विचारतोय. आणि सहीबद्दल.”

“मी पायाबद्दल विचारतोय.”

मिरजेच्या त्या कॉलेजात ॲनिमेशनचा विभाग तिसऱ्या मजल्यावर होता. ओजस शेवटच्या वर्षाला, वर्गात पहिला. कॅरेक्टर डिझाइनसाठी विषय दिला होता, ‘रोज दिसणारं माणूस’. कुणी वॉचमन केला, कुणी झेरॉक्सवाला. ओजसने यल्लूमावशी केल्या.

यल्लूमावशी तो आणि त्याखालचा मजला झाडायच्या, पुसायच्या. एका पायाने लंगडायच्या. ओजसने त्यांचं पोट वाढवलं, कुंकू बशीएवढं केलं आणि चाळीस सेकंदांची फिल्म बनवली. मावशी बादली घेऊन हेलकावत येतात, पाणी सांडत जातं. टोकाला पोहोचून वळतात, स्वतःच सांडलेल्या पाण्यावरून घसरतात. बादली डोक्यावर पालथी.

स्नेहसंमेलनात ती मोठ्या पडद्यावर लागली. हॉल हसून हसून लोळला. पहिलं बक्षीस मिळालं. पुण्यातल्या एका स्टुडिओने स्वतःहून फोन केला. विभागाची सही घेऊन सगळं काम पंधरा तारखेच्या आत पाठव, म्हणाले.

आणि हळदणकर सरांनी त्याच फिल्मला शून्य दिलं होतं. शेरा दोनच शब्दांचा. ‘पाय चुकला.’

“डावा,” ओजस म्हणाला. मग जरा थांबून, “किंवा उजवा. काय फरक पडतो, सर?”

सरांनी कॉम्प्युटरचा पडदा त्याच्याकडे वळवला. फिल्म लावली. मावशी पडद्यावर चालू लागल्या. सरांनी चित्र थांबवलं.

“इथे कोणता?”

“डावा.”

फिल्म पुढे गेली. मावशी टोकाला जाऊन वळल्या, परत निघाल्या. सरांनी पुन्हा थांबवलं.

“आणि इथे?”

ओजस वाकला. पाहिलं.

“…उजवा.”

“तिकडे जाऊन पाय बदलून आल्या?”

“चित्र उलटवलंय, सर. एका बाजूचं चालणं तयार झालं की आरशातल्यासारखं फिरवायचं, दुसऱ्या बाजूचं आपोआप होतं. सगळे तेच करतात. कुणाच्या लक्षात येत नाही.”

“कुणाच्या?”

“प्रेक्षकांच्या.”

“मावशी प्रेक्षकांत होत्या.”

ओजसचा चेहरा लाल झाला. आता तो आत आला. फाईल टेबलावर आपटली नाही, पण ठेवलीही नाही नीट.

“सर, हा सरळ सरळ अन्याय आहे. तीन महिने झोपलो नाही मी धड. एकेक सुरकुती हाताने केली. अख्खा हॉल हसला. प्रिन्सिपॉल सर हसले. तुम्हाला हसू आलं नाही म्हणून शून्य? अहो, स्वतः मावशी हसल्या!”

“कुठे बसल्या होत्या त्या?”

“बसल्या नव्हत्या. दारापाशी उभ्या होत्या.”

“हातात काय होतं?”

“…झाडू.”

“पुढच्या रांगेत संस्थेचे लोक. मागे पाचशे पोरं. सगळे हसताहेत. बाई कंत्राटावर. दर अकरा महिन्यांनी तिचा कागद नवा होतो. ती झाडू घेऊन दारात उभी आहे आणि सगळे वळून तिच्याकडे बघताहेत. तिने काय करायचं होतं, ओजस?”

ओजस फाईलचे कोपरे जुळवू लागला.

“सांग ना. रडायचं होतं?”

सरांचा आवाज चढला होता. कॉलेजात तो कुणी चढलेला ऐकला नव्हता. सरांनी मुंबईच्या स्टुडिओंत बावीस वर्षं कागदावर चित्रं काढली होती. एका सेकंदाच्या फिल्मसाठी चोवीस. माणूस शिंकला तरी ते पेन्सिल न थांबवणारे, असं त्यांच्याबद्दल सांगत. आता त्यांनी हातातली पेन्सिल टेबलावर टाकली.

“तुम्ही त्यांच्या वतीने चिडताय,” ओजस म्हणाला. “त्यांना तरी विचारलंय का तुम्ही?”

“…नाही.”

“मग मी विचारतो. त्या म्हणाल्या की वाईट वाटलं नाही, तर सही कराल?”

“करीन.”

“शब्द?”

“शब्द.”

मावशी दुसऱ्या मजल्याच्या जिन्यापाशी फडकं पिळत होत्या. ओजसने फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं आणि फोन शर्टाच्या खिशात ठेवला. पुरावा हवा होता.

“मावशी, एक विचारायचं होतं.”

“इचार की.”

“त्या दिवशीची माझी फिल्म… त्यात तुमच्या पायाचं दाखवलं. त्याचं वाईट वाटलं का तुम्हाला?”

“पायाचं?” मावशींनी फडकं बादलीच्या काठावर टाकलं. “पायाचं काय वाईट वाटायचं, बाळ? ल्हानपणापासनं लंगडाच हाय त्यो. साऱ्या गावानं बघितलाय. न्हाई वाटलं वाईट.”

ओजसने सुस्कारा सोडला. काम झालं होतं. खिशात हात घालून फोन बंद करायचा, वर जायचं, सही घ्यायची.

तो वळला.

“पर तू थांब जरा.”

तो थांबला.

“तू माझ्या बादलीतनं पाणी सांडलंस.”

“…काय?”

“सगळ्या व्हरांडाभर सांडलंस. ह्या कडंपासनं त्या कडंपर्यंत.” मावशी उठल्या. त्यांचे डोळे भरून आले होते, पण ते रागाने. “एकुणीस वर्सं झाली मला हितं. एकुणीस. माझ्या बादलीतनं थेंब सांडल्याला कुणी बघितलाय? जा, इचार खालच्या सायबाला. वल्ल्या फरशीवरनं एक पोरगं घसरलंय का आजवर? आन् तू पाचशे मानसांम्होरं मला माझ्याच पान्यावर पाडलंस!”

“मावशी, ती गंमत होती…”

“कसली गंमत? माझं काम हाय त्ये!”

जिन्यावरून दोन मुली खाली येत होत्या. त्या थबकल्या, मग भिंतीला चिकटून निघून गेल्या.

“घरला गेले तवा सुनंनं फोनवर बघितलं हुतं त्ये. म्हनली, आत्या, तुम्ही पानी सांडता व्हय असं? तिला वाटलं खरंच. काय सांगू मी तिला?”

ओजस बादलीकडे बघू लागला.

“उचल,” मावशी म्हणाल्या.

“काय?”

“बादली उचल. त्या खिडकीपातूर ने.”

बादली जड होती. ओजसने ती उचलली. दोन्ही पाय धड असूनही चौथ्या पावलाला पाणी हिंदकळलं, सहाव्याला त्याच्या बुटांवर आलं. खिडकीपाशी पोहोचून त्याने मागे पाहिलं. फरशीवर लांबच लांब ओली रेघ होती.

मावशींनी फडकं त्याच्या हातात दिलं.

“पूस आता.”

त्याने पुसलं. गुडघ्यांवर बसून, शेवटच्या थेंबापर्यंत.

पाऊण तासाने तो सरांच्या खोलीत परतला. पँट गुडघ्यांवर भिजलेली. त्याने काही न बोलता फोन टेबलावर ठेवला आणि रेकॉर्डिंग लावलं.

‘न्हाई वाटलं वाईट,’ मावशींचा आवाज आला.

सरांनी पेन उचललं. फाईल पुढे ओढली.

ओजसने फोन बंद केला नाही.

रेकॉर्डिंग चालू राहिलं. बादली, एकोणीस वर्षं, सून, सगळं. ते संपलं.

सरांनी चष्मा काढला…

“मी ती फिल्म अकरा वेळा पाहिली,” ते म्हणाले. “अकराही वेळा पायच पाहिला.”

मग त्यांनी आपल्याच शेऱ्यातला ‘पाय चुकला’ खोडला आणि त्याच्या वर लिहिलं, ‘पाणी चुकलं’. शून्य तसंच ठेवलं.

“पहिल्या वाक्यालाच थांबला असतास तर सही मिळाली असती,” ते म्हणाले. “शब्द दिला होता मी.”

“माहीत आहे.”

“मग?”

ओजसने फाईल उचलली.

“पुन्हा करू का, सर?”

“मला नको विचारूस.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ओजस वही घेऊन दुसऱ्या मजल्यावर हजर होता. मावशींनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. चौथ्या दिवशी म्हणाल्या, “वाटंत उभं ऱ्हाऊ नगंस.” दहाव्या दिवशी त्यांनी बादली कशी भरायची ते सांगितलं. काठापासून चार बोटं खाली. चार म्हणजे चार.

पंधरा तारीख आली आणि गेली. पुण्याहून एकदा फोन आला, मग आला नाही. घरी वडिलांनी विचारलं, तुला वेड लागलंय का? ओजसने वही पिशवीत टाकली आणि तो कॉलेजला निघाला.

जुन्या फिल्ममध्ये त्याने बादली धड पायाच्या बाजूला काढली होती. मावशी लंगड्या बाजूला धरत. असं का, विचारलं तर म्हणाल्या, “तिकडंच तोल ऱ्हातो.” त्याला पटेना. त्याने परवानगी घेऊन त्यांचं चालणं फोनवर टिपलं आणि एकेक चित्र सुटं करून पाहिलं. डावा पाय टेकला की अंग खाली जायचं, आणि त्याच क्षणी डावं कोपर तेवढंच वर यायचं. पाय खाली, हात वर. प्रत्येक चित्रात त्याने बादलीच्या काठावर एक ठिपका दिला आणि सगळे ठिपके जोडले.

सरळ रेघ आली. फूटपट्टीने मारल्यासारखी.

ओजसने ती रेघ वहीत उतरवून घेतली.

मग त्याने जुनी फिल्म पुसून टाकली. पोट गेलं, बशीएवढं कुंकू गेलं. या वेळी चित्र उलटवलं नाही. जाताना वेगळं काढलं, येताना वेगळं. सात आठवडे लागले. नवी फिल्मही चाळीस सेकंदांचीच झाली. एक बाई भरलेली बादली घेऊन मोकळ्या व्हरांड्यातून जाते, वळते, परत येते, बादली खाली ठेवते. संपलं.

मावशींना दाखवली तेव्हा त्यांनी ती तीनदा लावायला लावली. नंतर म्हणाल्या, “पदर असा न्हाई खोवत मी.” ओजसने पदर बदलला.

परीक्षेला बाहेरून एक परीक्षक आले होते. मोठ्या स्टुडिओत काम केलेले, मनगटावर भारी घड्याळ. त्यांनी फिल्म पाहिली. संपल्यावर ते पडद्याकडे बघत राहिले, पुढे काही येईल म्हणून.

“हां. आणि?” त्यांनी विचारलं.

“एवढीच आहे, सर.”

“मग गोष्ट काय यात? तू तो बादलीवाला पोरगा ना? तुझी ती घसरणारी बाई पाहिली होती मी फोनवर. फार धमाल. ती का नाही आणलीस?”

“ती पुसली, सर.”

परीक्षकांनी फिल्म पुन्हा एकदा पाहिली, काहीतरी पुटपुटले आणि खांदे उडवले. शंभरातले अठ्ठेचाळीस दिले. वर्गात त्याहून कमी कुणालाच नव्हते. उडणारी मांजर काढलेल्या मुलाला एक्याऐंशी होते.

ओजस जिना चढून आला तो दम लागेपर्यंत धावत. या वेळी तो दारात थांबला नाही.

“सर, हे काय आहे?”

सर खिडकीपाशी कुंडीतली वाळलेली पानं काढत होते.

“सात आठवडे! पुण्याचं काम घालवलं मी. तुमच्या सांगण्यावरून नव्हे, माझ्या मनाने घालवलं, ठीक आहे. पण खोटी बाई काढली तेव्हा बक्षीस. खरी काढली तर अठ्ठेचाळीस? कसली ही परीक्षा? कुणाला कळतं काही इथे?”

सरांनी आणखी एक पान खुडलं.

“तुम्ही तेव्हा चिडला होतात ना? मग आता चिडा! जा, भांडा त्यांच्याशी!”

“ते काय म्हणाले नक्की?”

“काय म्हणणार? चांगली दोनदा पाहिली त्यांनी. दुसऱ्यांदा तर पडद्याला नाक लावून. आणि म्हणाले…” ओजसने मार्कांचा कागद टेबलावर आपटला. “म्हणाले, एक बाई बादली घेऊन जाते आणि येते. यात काहीच घडत नाही.”

सरांचा हात कुंडीवर थांबला.

“काहीच घडत नाही, असं म्हणाले?”

“हो.”

“दोनदा पाहून? सांडलेला एक थेंबही दिसला नाही त्यांना?”

“नाही, सर!”

…

“हे मावशींना जाऊन सांग. फार आनंद होईल त्यांना.”