गफूर उस्तादांची मूठ

“...मग आता माझं शिकायचं राहिलंय तरी काय, उस्ताद?”

गफूर उस्तादांनी खिसे चाचपले. ते विडी शोधत होते. विडी त्यांच्याच कानावर होती आणि मोतीराम खैरनारला ती दिसतही होती. पण आज तो सांगणार नव्हता. रुसला होता.

रुसवा तसा फुकाचा नव्हता. घाटाखालच्या त्या रस्त्याची एक जुनी रीत आहे. उस्ताद आपल्या कमरेचा पाना ज्या दिवशी शिष्याला देतो, त्या दिवशी शिष्य मिस्त्री होतो. तोवर त्यानं विमान दुरुस्त करून उडवलं तरी ड्रायव्हर लोक त्याला पोऱ्याच म्हणतात. आणि पोऱ्याला बत्तिसावं लागलं होतं. दोन सोयरिकी दारापर्यंत येऊन परत गेल्या. मुलीकडचे विचारायचे, मिस्त्री झालाय का? मोतीराम पायाच्या अंगठ्याकडं बघायचा. अंगठ्याला काय उत्तर येणार.

गॅरेजही आता नावालाच होतं. नवा रस्ता डोंगराच्या पोटातून गेला आणि गाड्या त्याच्या मागं गेल्या. टपरीवाला गेला, पंक्चरवाला गेला. एक कुत्रं तेवढं राहिलं, तेही लांब जायला पायांत बळ नव्हतं म्हणून. आभाळ चार दिवस राखेसारखं होतं, ना पडत होतं ना उघडत होतं.

चाळीसगावच्या एका मोठ्या गॅरेजात मोतीरामसाठी जागा धरून ठेवली होती. उद्या सकाळी हजर व्हायचं. पण तिथला मालकही याच रस्त्यावर वाढलेला. त्यानं सांगितलं होतं, पाना घेऊन ये, नाहीतर येऊ नको.

“ती जीप बघ,” उस्ताद शेवटी म्हणाले. “पंख्याचं पातं तडकलंय. पंखा उतरव. आधी हत्यारं निवड. एकदाच निवडायची. मग हत्यारांच्या फळीकडं परत यायचं नाही.”

“आणि बरोबर निवडली तर?”

“पाना तुझा.”

पंगतीत बसलेला म्हातारा लाडू निवडतो, तसा मोतीराम हत्यारं निवडायला लागला. पट्टा सैल करायला तेरा नंबरचा पाना. पंख्याच्या चार बोल्टांना दहा नंबर, शिवाय बोल्टावर टोपीसारखा बसणारा त्याच मापाचा गोटी पाना. पुली फिरू नये म्हणून अडकवायला टॉमी, म्हणजे लोखंडी दांडी. गंज होता, म्हणून तारेचा ब्रश आणि बाटलीत चार बोटं रॉकेल. बोल्ट हरवू नयेत म्हणून डब्याचं झाकण. आणि सगळ्यांत शेवटी, उस्ताद बघतायत याची खात्री करून घेऊन, पुठ्ठ्याचा एक तुकडा. रेडिएटरची जाळी पापडासारखी असते, पंखा निघताना पातं लागलं की गेली. पुठ्ठा मध्ये घालायची युक्ती उस्तादांचीच होती.

उस्तादांनी एकेक वस्तू उचलून बघितली. वावगं काही नव्हतं.

“झालं?”

“झालं.”

“परत एकदा बघ.”

मोतीरामनं बघितलं. म्हणजे बघितल्यासारखं केलं.

“झालं, उस्ताद.”

उस्तादांचा चेहरा उतरला... मोतीरामला वाटलं, म्हाताऱ्याला पाना सोडवत नाही. मनातल्या मनात तो जरा खूशही झाला.

उस्ताद उठले, गुडघे धरत जीपला वळसा घालून आत जाऊन बसले. मोतीरामनं बॉनेट वर केलं, पुठ्ठा सरकवला, आणि उजवा हात पात्यांमधून कोपरापर्यंत आत घातला.

हॉर्न वाजला.

हात बाहेर कसा आला ते मोतीरामला कळलं नाही. कोपराची साल आतच राहिली.

उस्तादांच्या थट्टा सगळ्या घाटाला ठाऊक होत्या. नव्या पोराला ते दोन किलो हवा आणायला पिशवी देऊन बाजारात पाठवायचे. मोतीराम स्वतः दोन दुकानं फिरून आला होता. म्हणून आताही तो कोपर चोळत, हसायची तयारी करूनच दाराशी आला.

उस्ताद हसत नव्हते. एक हात हॉर्नवर होता. दुसरा चावीवर.

“ही कुणी मागायची?”

मोतीरामचं कोपर चोळणं थांबलं.

“आत तुम्ही होतात, उस्ताद. तुमच्यावर भरोसा होता.”

“रहमानचाही होता.”

“रहमान कोण?”

“भाऊ. धाकटा.”

उस्ताद काचेतून समोर बघत होते. समोर वर केलेलं बॉनेट होतं. पलीकडचं काही दिसत नव्हतं.

“बॉनेट असंच वर होतं, हात त्याचा आत. रस्त्यावरून कुणीतरी ओरडलं, मार स्टार्टर... मी मारला.”

...

कुत्रं उठलं, दोन पावलं चाललं आणि पुन्हा बसलं.

सात वर्षांत मोतीरामनं हे नाव ऐकलं नव्हतं. तो कसाबसा म्हणाला की चूक झाली, चावी द्या, खिशात ठेवतो आणि पंखा उतरवतो. त्यानं हात पुढं केला.

उस्तादांनी चावी काढली आणि मूठ मिटली.

“देत नाही.”

“मग पंखा कसा उतरवू?”

“ते तू बघ.”

मोतीराम म्हणाला, बॅटरीची तार सोडवतो. उस्तादांनी विचारलं, त्याला बारा नंबर लागतो, निवडलास? निवडला नव्हता. मोतीराम म्हणाला, मग उद्या उतरवू. उस्ताद म्हणाले, उद्या तू चाळीसगावला.

या माणसासमोर मोतीराम सात वर्षांत कधी खाटेवर बसला नव्हता. त्यानं विडी ओढली तर गॅरेजच्या मागं जाऊन.

शेवटी त्यानं म्हाताऱ्याचं मनगट धरलं.

मूठ सोपी नव्हती. गंजलेले नट सोडवण्यात तिचा जन्म गेला होता. मोतीरामनं आधी अंगठा उचकटला. मग एकेक बोट. उस्ताद थट्टेनंसुद्धा बोटं ढिली सोडत नव्हते. मधलं बोट कटकन वाजलं. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. करंगळी सगळ्यांत चिवट निघाली.

चावी घामानं भिजली होती. मोतीरामनं ती खिशात टाकली आणि वरून हात दाबून धरला.

उस्ताद आपल्या बोटांकडं बघत बसले... मग दुसऱ्या हातानं त्यांनी कमरेचा पाना काढला आणि सीटवर, मोतीरामच्या बाजूला ठेवला.

मोतीरामला पाना दिसेना, एवढे डोळे भरले. पाना चाचपडून घेऊन तो उस्तादांच्या पायांशी वाकला.

“माफ करा, उस्ताद. बोटं...”

“माफी मागायची असेल, तर चावी आणि पाना, दोन्ही परत ठेव.”