चुंबकाला न सापडलेली कणी

खलबत्तेसुद्धा मनातलं बोलून दाखवत, त्या काळची गोष्ट. एका वैद्यबुवांच्या घरी लोखंडाची एक कणी राहत होती. आज ना उद्या आपल्याला खलात कुटणार, या भीतीनं तिचा जीव सदा टांगणीला लागलेला असे. एकदा ती वाळूत दडली, एकदा हळदीत शिरली. पण वैद्यबुवांचा चुंबक वरून नुसता फिरला, की ही टुणकन उडून त्याला चिकटायची. "अगं, तू लोखंड आहेस, म्हणून सापडतेस," तो हसून म्हणायचा. त्या हसण्याचाच तिनं धसका घेतला होता.

शेवटी ती गंधकाच्या पिवळ्या भुकटीत लपली. तिथंही तिची थरथर थांबेना.

"नुसतं शेजारी बसून भागायचं नाही, बाई," गंधक कुजबुजला. "शेगडीवरच्या तापल्या खापरात उडी मारू. मग आपल्याला कुणाचा बापही वेगळं करणार नाही."

तेवढ्यात वैद्यबुवांच्या खडावा वाजल्या. कणीनं डोळे गच्च मिटले आणि दोघांनी उडी घेतली.

खापर निवलं. चुंबक आला, वरून दोनदा फिरला. तिच्या अंगात काहीच हललं नाही.

"अरे, मी इथंच आहे! ने मला!" ती ओरडली.

"हा काळा खडा कुठून आला?" तो पुटपुटला. "लोखंड नाही दिसत इथं." आणि तो निघून गेला.

"गंधका, ए गंधका!" तिनं हाक मारली.

"ओ" आली, पण ती तिच्याच तोंडून.